जुनी मिलिटरी गाडी घेताय, सांभाळताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीप, जोंगा, जिप्सी, शक्तिमान ट्रक यांच्याबद्दल फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. संदर्भ मुंबईचा आहे, म्हणजे इथली हवा, इथलं ट्रॅफिक, इथले आरटीओ. आधी बेसिक आणि मग भानगडीचे प्रश्न असा क्रम आहे.

१. मिलिटरीची गाडी साध्या माणसाला ठेवता येते का? लफडं तर नाही ना होणार?

येते. सैन्याने काढून टाकलेली, रीतसर विकलेली आणि आरटीओत सिव्हिल नोंदणी झालेली गाडी ही तुमच्या इतर गाडीसारखीच. इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, एचएसआरपी नंबर प्लेट सगळं लागतं. लफडं होतं ते गाडीमुळे नाही, कागदांमुळे आणि हौसेमुळे होतं. कागदांचं प्रश्न ४ मध्ये, हौसेचं ८ आणि ९ मध्ये.

२. दादा, पहिल्यांदाच घेतोय, कुठली घेऊ?

जिप्सी. ऐकायला बोअर वाटतं पण खरंय. १९८५ पासून मारुतीने बनवली, आधी ९७० सीसीचं इंजिन आणि नंतर १.३ लिटर, पार्ट सगळीकडे मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक हात लावतो. त्यानंतर महिंद्राच्या जुन्या जीप, म्हणजे उंच बॉनेटवाली सीजे३बी किंवा एमएम ५४०. महिंद्राने विलीस जीप जुळवायला सुरुवात केली ती आपल्या माझगावातच, त्यामुळे जीप कळणारे जुने मिस्त्री मुंबईत अजून सापडतात. दुसऱ्या महायुद्धातली विलीस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू हे स्वप्न सगळ्यांचंच, पण ती दुसरी गाडी म्हणून घ्या, पहिली म्हणून नको. जोंगा म्हणजे निसानच्या 'पॅट्रोल' (Patrol) या मॉडेलची जबलपूरला बनलेली आवृत्ती, सहा सिलेंडर, जवळपास ४ लिटरचं पेट्रोल इंजिन. दिसायला राजा माणूस आहे पण पेट्रोल पंपवाला तुमच्या घरच्यांपेक्षा जास्त ओळखायला लागेल.

३. डायरेक्ट आर्मीकडून लिलावात घेता येते का?

येते. गाडी दुरुस्त करणं परवडत नाही असं ठरलं की ती बीईआर म्हणजे दुरुस्तीच्या खर्चापलीकडची म्हणून काढतात आणि विक्री बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून होते. आधी नोंदणी, मग अनामत, मग बोली. गाडी जशी आहे तशी आणि जिथे आहे तिथून उचलायची असते, चालू होईल याची हमी कोणी देत नाही. बऱ्याचदा एक एक गाडी न विकता लॉट विकतात, म्हणून मोठे भंगारवालेच घेतात आणि आपण त्यांच्याकडून. बोली लावण्याआधी इन्स्पेक्शनच्या तारखेला जाऊन या, फोटोवर जाऊ नका, आणि लॉट भंगार म्हणून विकतायत की नोंदणीयोग्य गाडी म्हणून ते अटींमध्ये नीट वाचा, कारण भंगार म्हणून घेतलेल्याला नंबर मिळत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पोलीस किंवा इतर सरकारी खात्याची १५ वर्षांवरची जिप्सी लिलावात घेऊन चालवू असं कोणी सांगत असेल तर थांबा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणीच संपते आणि त्या मोडीत काढायच्या असतात. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातल्या चिलखती वगैरे खास गाड्यांना.

४. कागद कुठले बघायचे?

या पूर्ण यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. लोक इंजिनचा आवाज ऐकतात, टायर बघतात, टोकन देतात आणि मग आरसी मागतात. उलटं करा. पत्रा नवा बनतो, इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, कागद नाही मिळत.

सैन्यात असताना गाडीची नोंदणी आरटीओकडे नसते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांकडे असते. बाहेर आल्यावर तिची नव्याने सिव्हिल नोंदणी होते आणि त्यासाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. झेरॉक्स नाही, मूळ. म्हणजे अजून नोंदणी न झालेली गाडी घेत असाल तर हे प्रमाणपत्र, लिलावाची पावती आणि डेपोतून गाडी सोडल्याचा कागद, तिन्हींवर तोच चेसिस आणि इंजिन नंबर पाहिजे.

आधीच आरसी असलेली घेत असाल तर वाहन पोर्टलवर नंबर दिसतो का बघा. जुन्या पुस्तकी आरसीवाल्या गाड्या पुष्कळदा ऑनलाइन नसतात, त्यांची बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) मूळ आरटीओतून करून घ्यावी लागते, आणि हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं, तुम्ही नाही. "नंतर करून देतो शेठ" हे वाक्य ऐकलं की टोकन परत मागा. गाडी बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथली एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

५. डीलर म्हणतो १९४४ ची ओरिजिनल विलीस आहे. खरी की खोटी कशी ओळखायची?

आपल्याकडे १९४२ ची फोर्ड किंवा विलीस अशी आरसी असलेल्या जीप खूप फिरतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा युद्धाशी संबंध फक्त त्या आरसीवरच्या सालापुरता आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नवीन पत्र्याची बॉडी, महिंद्राचा चेसिस, कुठलंतरी डिझेल इंजिन आणि जुन्या लिलावातले कागद असा संसार थाटून गाडी तयार होते. दिसायला झकास, पण चेसिस नंबर मागाहून खोटा ठोकलेला असेल तर तो गुन्हा आहे आणि गाडी जप्त झाली की ती तुमच्या नावावर असते, डीलरच्या नाही.

बघायचं असं. युद्धकाळातल्या जीपच्या पुढच्या दाबीव पत्र्याच्या जाळीत ९ उभ्या फटी असतात, नंतरच्या सिव्हिल सीजे मध्ये ७. हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत बसलेले असतात, आणि ते बिजागरीवर मागे फिरवून इंजिनवर उजेड पाडता येतो. मागे उघडणारं फाळकं नसतं, स्टेपनी मागच्या पत्र्यावर असते. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. आता एमबी की जीपीडब्ल्यू: रेडिएटरच्या खालचा पुढचा आडवा मेंबर गोल पाइपचा असेल तर विलीस, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डवाले बोल्टपासून ब्रॅकेटपर्यंत जागोजागी इंग्रजी एफ ठोकायचे. विलीसचा चेसिस नंबर पुढे डाव्या रेलच्या आतल्या बाजूला रिव्हेट मारलेल्या पट्टीवर, फोर्डचा डाव्या रेलच्या वरच्या बाजूला थेट ठोकलेला. इंजिन २१९९ सीसीचं साइड व्हॉल्व्ह, ६० हॉर्सपॉवर.

हे सगळं जुळणारी गाडी क्वचित मिळते. सत्तर-ऐंशी वर्षांत इंजिन-बॉडी बदललेली असणं साहजिक आहे, त्यात पाप नाही, फक्त किंमत ओरिजिनलची देऊ नका. चेसिस आणि कागद जुळत असतील तर मिश्र जीपही छान गाडी असते.

६. १५ वर्षं झालेली गाडी मुंबईत बंद आहे ना?

नाही. तो दिल्लीचा घोळ. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढते आणि दर ५ वर्षांनी पुन्हा. फी मात्र एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढली, खासगी कारला ६०० होती ती ५,००० झाली, आणि २० वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये अजून वाढवली. मुदत संपायच्या आधी जा, उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबाने चढतो.

७. विंटेज नोंदणी करून टाकू का? कटकट मिटेल.

काहींची मिटेल, काहींची वाढेल. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली, बिगरव्यावसायिक दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरू शकते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, नंतर ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, आधीपासून नोंदणी असलेल्यांना जुना नंबर ठेवता येतो.

आता अडचणी. एक, ही गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यापुरतीच रस्त्यावर. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला चहा प्यायला जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा. दोन, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, म्हणजे प्रश्न ५ मधल्या मिश्र जीप आणि प्रश्न १० मधल्या डिझेलवाल्या बाद. तीन, वय मोजतात ते पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. त्यामुळे १९७२ ला बनलेली पण १९९६ ला लिलावात बाहेर येऊन आरसी झालेली जोंगा तुमच्या मते पन्नाशीची असली तरी कागदावर नाही.

८. ऑलिव्ह ग्रीन मारू ना? मिलिटरी लुक पाहिजे.

नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. "अमक्याची तर आहे की" हे उत्तर नाकाबंदीत चालत नाही. लिलावातून आलेली गाडी त्याच रंगात असते, ती आरटीओत न्यायच्या आधी रंगवून घ्यायची आणि आरसीवर तोच रंग नोंदवायचा. मॅट वाळूचा रंग, ग्रे, खाकीकडे झुकणारा तपकिरी हे सगळे जीपवर मस्त दिसतात. "थोडासा वेगळा हिरवा" मारून हवालदाराशी शेड कार्डवर वाद घालणारे लोक मला माहीत आहेत, त्यांचे रविवार कुठे जातात तेही माहीत आहे.

९. बाणवाला नंबर, रेजिमेंटचं चिन्ह, मशीनगनचा स्टँड लावला तर?

वर तोंड केलेल्या बाणाने सुरू होणारी नंबर प्लेट ही सैन्याची नोंदणी आहे, ती खासगी गाडीवर शोभेलाही नाही. आर्मी लिहिलेले स्टिकर, युनिटची चिन्हं, तारे, झेंड्याची दांडी यातलं काहीच नको. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून गणवेश किंवा चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. आणि ही मुंबई आहे, २६/११ नंतरची, कुलाब्यात किंवा नेव्हीनगरच्या आसपास डमी बंदूक लावलेली जीप घेऊन गेलात तर पुढची दुपार पोलीस स्टेशनात गेली म्हणून समजा. जेरी कॅन, फावडं-कुऱ्हाडीचे क्लॅम्प, कॅनव्हास हुड, मागच्या डिफरन्शियलवरचा पांढरा रंग आणि कॉन्व्हॉय लाइट, एवढ्यात लुक पुरेसा येतो.

१०. पेट्रोल परवडत नाही, डिझेल इंजिन टाकू का?

आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदलांवर कडक भूमिका घेतली. आधीच्या मालकाने टाकलं असेल आणि आरसीवर इंधन डिझेल नोंदलं असेल तर ठीक, आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली पूजोचं डिझेल असेल तर गाडी घेऊ नका. अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिल्यांदा तेच बघतील.

११. मुंबईत पार्ट कुठे मिळतात?

जिप्सी आणि महिंद्राचे ऑपेरा हाऊसच्या दुकानांत. बेअरिंग, ऑइल सील, नट-बोल्ट, रबराचं काम नागदेवी स्ट्रीटला, जुना सील नमुना म्हणून घेऊन जा, कंपनीचं नाव सांगून काही होत नाही, आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी सांगा. वापरलेले पार्ट कुर्ल्याला, दोन टाकीला, आणि चोर बाजारात मीटर, हॉर्न, दिवे असलं काहीतरी हाती लागतं. जाड प्लेट, शॅकल, हुक असल्या लोखंडासाठी दारूखाना. विलीसचे नवीन बनवलेले पार्ट भारतातच तयार होऊन परदेशात जातात, त्यामुळे ते मिळतात पण क्वालिटी वर-खाली असते, ब्रेक आणि स्टिअरिंगचे पार्ट स्वस्तातले घेऊ नका. जोंगाला त्रास आहे, सैन्याच्या निसान वन टन ट्रकला तेच पी इंजिन असल्याने पार्ट काढायला तसा एखादा आख्खा ट्रक घेऊन ठेवणारे शहाणे. शक्तिमानवाले पंजाबकडे फोन लावतात.

जुने मीटर मिळाले तर एक सावधगिरी: युद्धकाळातल्या काही डायलवर रात्री चमकणारा रेडियमचा रंग असतो. काच उघडून तो खरवडू नका.

१२. गाडी आली घरी. सुरुवात कुठून?

ब्रेकपासून. सगळे इंजिन चालू करायला धावतात, चालणारी गाडी थांबली पाहिजे हे नंतर आठवतं. जुन्या जीपला मास्टर सिलेंडर एकच सर्किटचा, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. सगळे होज, व्हील सिलेंडर, स्टीलच्या नळ्या नवीन टाका, धुवून परत बसवू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी बदला. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. विलीसचा हँडब्रेक चाकावर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे प्रॉपशाफ्टवर लागतो, त्यामुळे मागचा शाफ्ट काढलेला असताना हँडब्रेकवर विसंबून गाडीखाली शिरू नका.

मग स्टिअरिंग, मग पेट्रोलची लाइन, मग वायरिंग आणि मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. आणि वेल्डिंगच्या आधी सीटखालची टाकी काढून बाहेर नेऊन ठेवा, हे डेंटरला दोनदा सांगा.

गिअर ऑइल कुठलं असंही विचारतात: जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ ग्रेड. जीएल-५ मधली काही केमिकल पितळी सिंक्रो रिंग खातात.

१३. विलीसचे दोन भागांचे व्हील पंक्चरवाल्याकडे न्यावेत का?

न्या, पण तिथे उभे राहा. कॉम्बॅट रिम दोन अर्ध्या भागांची असते, मध्ये गोलाकार ओळीत नट लावून जोडलेली. टायरमध्ये हवा असताना ते जोडणीचे नट सैल केले तर रिम उडते आणि माणूस मरू शकतो. आधी व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडायची, मगच पाना लावायचा. त्या नटांना वेगळा रंग मारून ठेवा. आणि ते जुन्या नक्षीचे एनडीटी (नॉन-डायरेक्शनल ट्रेड) टायर दिसतात भारी, पण ओल्या डांबरी रस्त्यावर साबण आहेत, पावसात फ्लायओव्हरच्या वळणावर जपून.

१४. पावसाळ्यात काय करायचं? गंज थांबतच नाही.

थांबणार नाही, हळू होईल. विलीसच्या फ्लोअरखाली पत्र्याच्या पन्हाळीत लाकडाच्या पट्ट्या असतात, त्या पाणी धरतात आणि आतून पत्रा कुजवतात. जिप्सीला चेसिसच्या मागच्या भागात आणि बॉडी माउंटपाशी हातोडीने हलकं ठोकून बघा. लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे पुट्टी आहे.

मे महिन्यात गंज काढून एपॉक्सी प्राइमर मारा. नुसता रेड ऑक्साईड मारून "वरचा रंग दिवाळीनंतर" असं ठेवू नका, तो ओल आत पाझरू देतो आणि ऑक्टोबरमध्ये रंगाखाली गंज तयार. चेसिसच्या पोकळ भागात मेण किंवा ऑइल फवारा. सँडब्लास्टिंग चेसिसला उत्तम, बॉडीच्या पातळ पत्र्याला नको, तो लाटा मारतो.

जूनमध्ये गाडी उभी करणार असाल तर प्लास्टिक किंवा ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो, वरून शेड आणि बाजूने वारा पाहिजे. फ्लोअरची ड्रेन होल मोकळी ठेवा. बॅटरी काढा. क्लच पेडल लाकडाच्या तुकड्याने दाबून अडकवून ठेवा, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि गणपतीत गाडी गिअरमध्ये पडत नाही. उंदरांसाठी एअर क्लीनरचं तोंड झाका, तिथे घरटी करतात. अलिबागला किनाऱ्यावर गाडी उतरवायची हौस असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवायची तयारी ठेवा.

रस्त्यावर पार्क करत असाल तर नुसती धूळ खात ठेवू नका, बीएमसी बेवारस समजून नोटीस चिकटवते आणि उचलते.

१५. ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलने जुनं इंजिन खराब होतं का?

इंजिनपेक्षा रबर आधी जातं. जुने पेट्रोल होज, फ्युएल पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचे सील इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल चालेल असे होज टाका आणि डायफ्रामचा एक जोड घरात ठेवा. ऑक्टेनची काळजी नको, विलीसचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की तिला साधं पेट्रोलच पुष्कळ. मिश्रण थोडं पातळ पडतं म्हणून जेट किंचित वाढवावा लागू शकतो. गाडी महिने उभी राहणार असेल तर इथेनॉल ओल ओढतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं, त्यामुळे सुरू करायच्या आधी तळाचं थोडं पेट्रोल बाटलीत काढून बघा.

१६. सायनच्या सिग्नलला बंद पडते, थंड झाली की चालू. काय झालं?

बहुतेक व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची नळी तापून आत वाफ होते. एक्झॉस्टजवळून गेलेली नळी लांब घ्या, मध्ये पत्र्याची आड लावा. तरी होत असेल तर रेडिएटर उघडून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ) करून घ्या. कॉइल तापूनही हेच होतं, बंद पडल्या पडल्या स्पार्क बघितला की कळतं.

१७. पावसात ग्रिपसाठी सतत फोर व्हील लावून चालवू?

डांबरी रस्त्यावर नको. जीप आणि जिप्सीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नाही, वळताना पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ पडतो आणि मग लिव्हर निघत नाही किंवा काहीतरी तुटतं. चिखल, वाळू, सुटे दगड, तिथेच.

१८. ६ व्होल्टचं १२ करू का?

रोज चालवणार असाल तर करा, रॅलीसाठी असेल तर ६ ठेवा. ६ व्होल्टची बदनामी बहुतेक वेळा पातळ वायरीमुळे आहे. जाड बॅटरी केबल आणि स्वच्छ अर्थिंग दिलं की स्टार्टर छान फिरतो.

१९. शूटिंगवाले भाड्याने मागतात. देऊ का?

खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही, विंटेज नोंदणीत तर व्यावसायिक वापराला स्पष्ट मनाई आहे. इन्शुरन्सही तिथे हात वर करतो. बरेच जण देतात हे गोरेगावात कोणालाही माहीत आहे, पण निदान एवढं पाळा: सेटवर लावलेली खोटी आर्मी प्लेट आणि ओघळणारा हिरवा रंग सेटवरच उतरवायचा, त्या अवतारात हायवेला यायचं नाही (प्रश्न ८, ९). गाडी ट्रेलरवर नेतायत का तेही आधीच ठरवून घ्या.

२०. शक्तिमान ट्रक घ्यायचाय. आणि रणगाडा?

शक्तिमान मिळतो, पण आरसीवरचं एकूण वजन ७,५०० किलोच्या वर असेल तर कारच्या लायसन्सवर चालत नाही, मुंबईत जड वाहनांच्या वेळा पाळाव्या लागतात, आणि सोसायटीत कोणी ठेवू देणार नाही. भिवंडी-पनवेलकडे जागा असेल तरच. रणगाडा विसरा, तो बघायला अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतं.

२१. आजोबांनी लिलावात घेतलेली जीप गावाला पडून आहे, आरसी सापडत नाही. काही होईल का?

होऊ शकतं, पण क्रम चुकवू नका. आधी नंबर शोधा: जुना इन्शुरन्स, टॅक्सची पावती, गाडीसोबतचा एखादा फोटो. नंबर मिळाला की ज्या आरटीओत नोंदणी होती तिथे जुन्या रजिस्टरमधली नोंद शोधायचा अर्ज. नोंद सापडली तर आरसी हरवल्याची पोलिसात तक्रार, फॉर्म २६ ने डुप्लिकेट, बॅकलॉग एन्ट्री, मग मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून फॉर्म ३१ ने नावावर, मग प्रश्न ६ मधलं नूतनीकरण. काका-आत्यांच्या सह्या आधी घ्या, जीप चालू झाली की सगळ्यांना तिच्या आठवणी येतात. नोंद नाहीच सापडली तर एजंट "दुसरे कागद बसवून देतो" म्हणेल, ते म्हणजे प्रश्न ५, त्यापेक्षा ती अंगणात उभी राहिलेली बरी.

आणि हे सगळं होईपर्यंत चेसिस नंबरच्या जागेला ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावायचा नाही. रॉकेलचं फडकं, मऊ ब्रश, फोटो काढा, वरून ग्रीस लावून ठेवा.